शंभरांपासून दहांपर्यंत : कामकऱ्याच्या मोजणीचा इतिहास

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या बाजारगावी जा. वणी असो, पांढरकवडा असो, दारव्हा वा पुसद असो. गावाच्या कडेला एखादे जिन, त्याचे मोठे फाटक आणि आत कापसाचे ढीग दृष्टीस पडल्यावाचून राहत नाहीत. कापूस आत जातो, सरकी एका बाजूस पडते, रुई दुसऱ्या बाजूस, आणि शेवटी रुईची गठाण बांधून बाहेर निघते. या व्यवहारातील प्रत्येक वस्तूचे मोजमाप आपण डोळ्यांत तेल घालून ठेवतो. कापसाचे वजन होते, सरकीचा भाव ठरतो, गठाणीवर नंबर पडतो. परंतु या कापसाला ज्यांचे हात लागतात त्या माणसांची मोजणी कोणी केली, केव्हा केली आणि कोणाला वगळून केली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आजच्या विवेचनात हाच प्रश्न हाती घ्यावयाचा आहे. कामाच्या जागी माणसाचा जीव, प्रकृती आणि मान यांचे रक्षण व्हावे, या विचाराचा इतिहास म्हणजे बव्हंशी या मोजणीचाच इतिहास आहे, असे मला वाटते.

या इतिहासाचा आरंभ आपल्याकडे १८८१ साली झाला. तत्पूर्वी १८७५ मध्ये मुंबईत गिरण्यांच्या चौकशीसाठी एक कमिशन बसले होते, आणि १८७८ मध्ये सोराबजी शापुरजी बंगाली या सद्गृहस्थांनी कामगारांच्या, विशेषतः बायकामुलांच्या, रक्षणासाठी एका विधेयकाचा मसुदाही तयार केला होता. पुढे कायदा झाला त्यात हिंदी कामकऱ्याविषयीची कळकळ किती आणि हिंदी गिरण्यांची स्पर्धा नको असलेल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा आग्रह किती, याविषयी तेव्हाही वाद होता व आजही आहे. हेतू कोणताही असो, कायद्याने फॅक्टरीची एक व्याख्या केली. जेथे यंत्रशक्ती वापरली जाते, जेथे १०० किंवा अधिक माणसे कामावर आहेत आणि जेथे वर्षातून निदान चार महिने काम चालते, ती फॅक्टरी. तेथे सात वर्षांखालील मूल कामास लावू नये, बारा वर्षांखालील मुलास नऊ तासांहून अधिक राबवू नये, आणि धोक्याच्या यंत्राभोवती कुंपण घालावे. प्रौढ पुरुष आणि स्त्री यांच्या तासांविषयी त्या कायद्यात अवाक्षर नव्हते.

आता या व्याख्येतील तीन अटी जिनाला लावून पाहा. यंत्र आहे, माणसेही पुष्कळ आहेत, परंतु कापसाचा हंगाम तो किती! दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापूर्वी आवरावयाचे काम. पुष्कळ जिनांचा हंगाम चार महिन्यांच्या आत उरकत असे, अथवा तसे दाखविता येत असे. परिणाम असा झाला की ज्या यंत्रात हात सापडण्याची भीती सर्वांत अधिक, ज्या खोलीत कापसाची धूळ सर्वांत दाट आणि जेथे आग लागण्याचा धोका नित्याचा, तीच जागा कायद्याच्या दृष्टीने फॅक्टरी नव्हती.

त्या काळी जिनात काय चालत असे, याची काही कल्पना खानदेशातील साक्षींवरून येते. आपल्या वऱ्हाडासारखाच तोही कापसाचा मुलूख. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनापुढे तेथील जिनांविषयी ज्या साक्षी झाल्या, त्यांत पहाटे चार-पाचपासून रात्रीपर्यंत काम, आणि हंगामाच्या धांदलीत त्याच त्या स्त्रीपुरुषांकडून दिवसरात्र करवून घेतलेले काम, यांचे वर्णन आले आहे. हे सांगणारे लोक कामकऱ्यांचे पुढारी नसून जिनांच्या व्यवहारातलेच होते, हे विशेष.

आपल्या जिल्ह्याची स्थिती आणखी एका कारणाने चमत्कारिक होती. १८५३ च्या तहापासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले खरे, परंतु नावाने मुलूख निजामाचाच राहिला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे आपोआप लागू होत नसे; तो स्वतंत्र हुकुमाने लागू करावा लागे. ज्याला आपण आज यवतमाळ जिल्हा म्हणतो तो तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ च्या फेररचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. त्याच सुमारास मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद मापाची रेल्वे आली. लोक तिला पुढे प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणू लागले, पण ती घातली होती कापसासाठी. येथील कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत सुखरूप कसा जावा याची व्यवस्था झाली. तो कापूस सोलणारे हात घरी सुखरूप कसे जावेत याची व्यवस्था मागाहून आली.

ती आली कशी, हे पाहण्यासाठी आपल्याला मुंबईकडे वळले पाहिजे. कारण कामकऱ्यांच्या वतीने बोलणारी पहिली संस्था तेथे उभी राहिली. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाने मन थक्क होते. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. पाचवी मागणी अशी की, कामावर जखमी झालेल्या मनुष्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा या देशात १९२३ साली झाला. कामकरी तो विचार चाळीस वर्षे आधी मांडून बसले होते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. ज्या काळी सुशिक्षित घरातील स्त्रीनेही चारचौघांत बोलणे नवलाचे समजले जाई, त्या काळची ही गोष्ट. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज आपण जी साप्ताहिक सुटी हक्काने उपभोगतो, तिच्यामागे असे उन्हातान्हात उभे राहिलेले लोक आहेत.

या लोखंडे यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’विषयी त्या काळच्या सरकारी मंडळींनी एक आक्षेप घेतला होता. तो असा की, ही संस्था म्हणजे काही खरी संस्था नव्हे. तिला सभासदांची यादी नाही, फंड नाही आणि नियमही नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. परंतु थोडा विचार केला म्हणजे त्यातील मर्म निराळेच दिसते. यादी नव्हती, म्हणूनच यादीबाहेर कोणी नव्हते. वर्गणी भरलेला आणि न भरलेला, स्त्री आणि पुरुष, ज्याचा हात शाबूत आहे तो आणि ज्याचा तुटला आहे तो, सर्वांच्या वतीने ती संस्था बोलत होती. श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

त्या चळवळीचा परिणाम कायद्याच्या आकड्यांत दिसू लागला. १८९१ च्या दुरुस्तीने शंभरांचा आकडा ५० वर आला. स्त्रियांच्या कामास ११ तासांची मर्यादा पडली, मुलांचे किमान वय नऊ झाले, आठवड्याची सुटी व दुपारची विश्रांती कायद्यात आली. १९११ च्या कायद्याने चार महिन्यांची पळवाट बंद करून हंगामी कारखाने कक्षेत घेतले; म्हणजे जिन खऱ्या अर्थाने कायद्याच्या नजरेत आले ते पहिल्या कायद्यानंतर तीस वर्षांनी. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली आणि तिच्या ठरावांस अनुसरून १९२२ च्या कायद्याने आकडा २० वर आणला व आठवड्याचे काम ६० तासांवर. १९३४ मध्ये हंगामी व बारमाही असा भेद करून बारमाही कारखान्यांना ५४ तास लावले, हंगामींना मात्र ६० च ठेवले; जिनाच्या कामकऱ्याचा थकवा हंगामी असतो, अशी काहीशी समजूत! स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने हा आकडा यंत्रशक्ती असल्यास १० व नसल्यास २० असा ठरविला, आणि आठवड्याचे तास ४८ केले.

शंभर, पन्नास, वीस, दहा. हा आकडा जसजसा खाली आला, तसतसा आणखी आणखी माणसांच्या डोक्यावर कायद्याचे छप्पर आले. वरवर पाहता एक रुक्ष संख्या. परंतु तिच्या प्रत्येक पायरीवर कोणाची तरी बोटे वाचली आहेत.

या छपराखाली जिनासाठी काय काय आले, तेही पाहू. जिनात रेच्यांना गती देणारा लांब दांडा पुष्कळदा जमिनीखालील बोळात फिरत असतो. तेथे साफसफाईला वा पट्टा चढवायला उतरलेला माणूस धोतराच्या सोग्यासकट ओढला जाई. नियमांनी सांगितले की, हा बोळ भिंतीने वा चढता न येणाऱ्या कुंपणाने पुरता बंद करावा, त्याचे दार कुलूपबंद ठेवावे, आणि दांडा फिरत असताना आत कोणी जाऊ नये. १९४८ च्या कायद्याच्या २७ व्या कलमाने प्रेसमधील कापूस पिंजणाऱ्या यंत्राच्या जागी स्त्रिया व मुले यांस मनाई केली; मात्र यंत्रात कापूस घालण्याची बाजू आणि तो बाहेर पडण्याची बाजू यांच्यामध्ये छपरापर्यंत भिंत घातलेली असल्यास घालण्याच्या बाजूस त्यांना काम करता येईल, असे म्हटले. जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर आहेत तेथे त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर हवे, असेही त्या कायद्याने ठरविले. हा आकडा १९७६ मध्ये तिसावर आला.

येथे रक्षणाच्या दोन रीती शेजारी शेजारी दिसतात. एक रीत माणसाला कामावरून दूर करते, दुसरी कामाची जागाच सुधारते. खाणीत जमिनीखाली काम करण्यास स्त्रियांना मनाई झाली, ती त्यांच्या प्रकृतीसाठी. परंतु पुढे महायुद्धात कोळशाची निकड लागताच १९४३ मध्ये ती मनाई उठविण्यात आली आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पुन्हा घातली गेली. रक्षण खरोखर स्त्रीचे होते की सोयीचे, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात उभा राहील. पाळणाघर आणि छपरापर्यंतची भिंत यांत मात्र निराळे तत्त्व आहे. स्त्रीला घरी बसविण्याऐवजी तिला जेथे काम करावयाचे आहे ती जागा निर्धोक करावी, हे ते तत्त्व. स्त्रियांच्या छळाच्या प्रतिबंधासाठी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणी जो निर्णय दिला आणि २०१३ मध्ये जो कायदा झाला, त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. त्या कायद्यात पुन्हा दहाचा आकडा येतो: दहा वा अधिक माणसे असतील तेथे अंतर्गत समिती हवी. परंतु या वेळी कायदा करणाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकले. दहांहून कमी माणसे असतील तेथील स्त्रीसाठी, आणि घरकाम करणाऱ्या बाईसाठीही, प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असावी असे ठरविले. आकड्याच्या खाली राहिलेल्या माणसाचे काय, या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे एक चांगले उत्तर आहे. महाराष्ट्राने याहूनही आधी, १९६९ मध्ये, माथाडी व हमाल यांच्यासाठी असेच एक उत्तर शोधले होते. आज या दुकानी तर उद्या त्या दुकानी ओझे वाहणारा हमाल कोणा एका मालकाच्या हजेरीपटावर सापडावयाचा नाही. म्हणून त्याची नोंद मालकाकडे न ठेवता मंडळाकडे ठेवावी, ही त्या कायद्याची मूळ कल्पना.

आता कापसाच्या वाटेने उलट चालत जाऊ. जिनाच्या फाटकातून बाहेर पडून, बाजार ओलांडून, ज्या शेतातून तो कापूस आला तेथे जाऊ. तेथे हे छप्पर संपते. कायद्याची फॅक्टरी चार भिंतींची. शेताला भिंती नाहीत. शेतावर एका वेळी फवारणी करणारे दोन-चार जण. दहांचा आकडा तेथे भरायचा कसा? अपघाताच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात शेतीचे काम आले, ते ट्रॅक्टर वा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या साधनांपुरते. पाठीवर पंप घेऊन हाताने दांडा मारणारा त्यात बसत नाही. शेतकऱ्यासाठी अपघात विम्याची योजना झाली, तर तिचा पाया सातबारा. ज्याच्या नावे जमीन नाही त्या मजुराचे नाव सातबारावर येणार कोठून?

कायदा मुळीच नव्हता असे नाही. १९५८ साली केरळात विषारी औषध लागलेले पीठ पोटात जाऊन शंभरांवर माणसे मेली, त्या घटनेनंतर चौकशी होऊन १९६८ मध्ये कीटकनाशकांचा कायदा झाला. १९७१ च्या नियमांत संरक्षक कपडे, श्वासासाठी मुखवटा, वैद्यकीय तपासणी, प्रथमोपचार या सर्वांचा उल्लेख आहे. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा की हिरवा यावरून विषाची तीव्रता ओळखावी, अशीही योजना आहे. परंतु जिनाच्या बोळाला कुलूप आहे की नाही हे पाहण्यास निरीक्षक येतो. कपाशीच्या तासात फवारणाऱ्याच्या तोंडावर फडके आहे की नाही, हे पाहण्यास कोण येतो?

याचे उत्तर २०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन दिले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, किडीचा जोर होता, हवा दमट व उष्ण होती, आणि दोन-तीन औषधे एकत्र मिसळून फवारण्याची रीत पडली होती. उंच झाडावर मारलेला फवारा मारणाऱ्याच्याच अंगावर, डोळ्यांत, श्वासात येत होता. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत शेकडो माणसे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आली आणि वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले, मृतांच्या वारसांस दोन लाख रुपये जाहीर केले, आणि नोव्हेंबरात पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांची विक्री साठ दिवस बंद ठेवली. हे सर्व झाले. परंतु ते माणसे मेल्यानंतर झाले. जिवंतपणी ती कोणाच्या मोजणीत नव्हती. औषध कालविणाऱ्या, पाण्याचे हंडे आणणाऱ्या आणि फवारणी झालेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदणाला बसणाऱ्या स्त्रिया तर फवारणाऱ्यांतही धरल्या जात नाहीत.

यानंतर जे घडले ते मात्र इतिहासकाराने आवर्जून नोंदवावे असे आहे. विषबाधेतून वाचलेल्यांनी आणि मृतांच्या कुटुंबीयांनी आपली संघटना केली: महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉयझन्ड पर्सन्स. सप्टेंबर २०२० मध्ये तिने इतर संस्थांच्या साहाय्याने ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंड सरकारच्या संबंधित कार्यालयाकडे तेथील एका कंपनीविरुद्ध तक्रार नेली. जून २०२१ मध्ये दोन विधवा व एक बाधित शेतकरी यांनी बासेल येथे दिवाणी दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. त्या वादाच्या खरेखोटेपणात येथे शिरण्याचे कारण नाही. पण यवतमाळच्या कापूसपट्ट्यातील एक विधवा बासेलच्या न्यायासनापुढे आपले म्हणणे मांडू शकते, आणि तिच्यापाठी एक संघटना उभी असते, ही गोष्ट १८९० मध्ये महालक्ष्मीच्या सभेत उभ्या राहिलेल्या त्या दोन स्त्रियांशी सरळ नाते सांगते. शेतमजुरांना कारखान्यातील मजुरांइतकाच संघटनेचा हक्क असावा, हा आंतरराष्ट्रीय ठराव १९२१ चा, आणि हिंदुस्थानने तो १९२३ मध्येच मान्य केला होता. मान्य झालेला हक्क वापरला जाण्यास किती काळ लागतो, हे यावरून दिसेल.

आकड्याची कथाही अद्याप संपलेली नाही. २०२० मध्ये संसदेने कामाच्या जागेच्या सुरक्षिततेविषयी जी संहिता संमत केली आणि जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली, तिने कारखान्याचा आकडा दहावरून पुन्हा वीसवर आणि यंत्रशक्ती नसल्यास चाळीसवर नेला. धोक्याच्या उद्योगात एकच कामकरी असला तरी संहिता लागू करण्याची मुभा सरकारास त्याच संहितेने दिली आहे. ती मुभा कोणासाठी वापरली जावी, हे सांगणारे कोणीतरी असावे लागते.

ते कोणी सांगावे? येथे त्या जुन्या आक्षेपाकडे परत येऊ. लोखंडे यांच्या संस्थेला यादी नव्हती, फंड नव्हता, नियम नव्हते. आपल्या गावात आज वकिलांचा संघ आहे, डॉक्टरांची संघटना आहे, कृषिसेवा केंद्रचालकांची आहे, जिनवाल्यांची आहे, शिक्षकांची आहे. या सर्वांना यादी आहे, वर्गणी आहे, छापील नियम आहेत. ते नियम एकदा काढून वाचावेत. सभासदाच्या हिताची कलमे त्यांत पुष्कळ सापडतील. परंतु सभासदाच्या कचेरीत झाडलोट करणारी बाई, दवाखान्यातील आया, दुकानातील हमाल, जिनातील रोजंदारीची स्त्री आणि दुकानातून विकलेला डबा ज्याच्या पाठीवर जातो तो मजूर, यांच्याविषयी एखादे तरी कलम सापडते काय?

हे काम अवघड नाही. वकिलांनी स्थानिक समितीचा पत्ता आपल्या कचेरीत लावावा. डॉक्टरांनी विषबाधेचा प्रत्येक रुग्ण मजूर आहे की मालक, पुरुष आहे की स्त्री, हे नोंदवून ती नोंद दर हंगामाला एकत्र करावी. केंद्रचालकांनी लाल व पिवळ्या त्रिकोणाचा डबा देताना हातमोजे आणि मुखवटा यांविषयी दोन शब्द मराठीत सांगावे, आणि वाचता न येणाऱ्या मनुष्यास त्रिकोणाचा अर्थ समजावून द्यावा. जिनवाल्यांनी हंगामापूर्वी बोळाचे कुलूप एकदा स्वतः हाताने ओढून पाहावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

सध्या वसंत आहे. थोड्याच दिवसांत मृग लागेल, सरकी मातीत जाईल, आणि श्रावणाच्या सुमारास पाठीवर पंप चढतील. त्यापूर्वी प्रत्येक संघाची निदान एक सभा होईलच. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर, वर्गणी व निवडणूक यांच्याआधी, यादीबाहेरच्या माणसांचा विषय घेता येईल.